उपास, सुई आणि आमच्या वन्सं

सकाळचा दुसरा चहा व्हायचा होता आणि नौपाड्याहून फोन आला. वन्संच्या सोबतीला राहणाऱ्या सुनंदानं सांगितलं, बाई उठत नाहीत. उठत नाहीत म्हणजे काय, ते तिलाही कळलं होतं आणि मलाही, पण पुढचा शब्द दोघींनीही उच्चारला नाही. मुलानं गाडी काढली आणि ती घोडबंदर रोडवर नेहमीप्रमाणे अडकली. मी आत बसून तळमळत होते. मग एकाएकी वाटलं, वन्सं इथे असत्या तर म्हणाल्या असत्या, ‘अगं कुसुम, आता घाई कशाची? मी काही उठून चालले नाही.’ मला चक्क हसू आलं. मुलानं घाबरून आरशातून माझ्याकडे पाहिलं. नव्वदी ओलांडलेली, झोपेतच गेलेली, आदल्या आठवड्यापर्यंत पेपरातल्या आरोग्याच्या पानावर लाल पेन्सिलीनं चुका काढणारी बाई... तिच्यासाठी त्या वाटेवर रडू आलंच नाही. ते नंतर आलं, आणि भलत्याच ठिकाणी आलं.

नणंदेला ‘वन्सं’ म्हणायची रीत आता कुणाला ठाऊकही नसेल. स्वातंत्र्यानंतर एक-दोन वर्षांत मी लग्न होऊन ठाण्याला आले, तेव्हा माझ्या यजमानांची ही थोरली बहीण नौपाड्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना चालवत होती. लग्न केलेलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर ‘राहून गेलं’ एवढंच उत्तर मिळे, जसं काही बाजारातून कोथिंबीर आणायची राहून गेली. मी पुण्याची, कडक सोवळ्याच्या घरातली. माझे सोमवार, चतुर्थ्या, एकादश्या ठरलेल्या. वन्सं एकही उपास करत नसत. माझ्या साबुदाण्याच्या खिचडीला त्या मेजवानी म्हणत आणि मग त्याच मेजवानीवर सगळ्यांत आधी ताट घेऊन बसत. स्वयंपाक त्यांना येत नव्हता. चहा केला तर तो औषधासारखा लागे आणि प्यावा लागे. पहिलं वर्षभर मी त्यांना भ्यायचे, पुढची साठ वर्षं त्यांच्याशी भांडले.

दर गुरुवारी त्या शहाडच्या पुढे, उल्हास नदीकाठच्या एका आगरी गावात जात. गावच्या पाटलांनी आपल्या घराची ओटी मोकळी करून दिली होती, तिथेच दवाखाना भरायचा. बाईमाणसानं एकटीनं जाऊ नये असं माझ्या यजमानांचं म्हणणं, म्हणून सोबतीला मला धाडलं. माझं काम काय, तर स्पिरिटचा दिवा पेटवायचा आणि काचेच्या नळीत निळं औषध घालून त्यात लोकांच्या लघवीचे थेंब उकळायचे. साखर नसली तर रंग निळाच राही, थोडी असली तर हिरवा, आणि भरपूर असली तर विटकरी. पहिल्या गुरुवारी घरी येऊन मी दोनदा अंघोळ केली आणि जेवले नाही. चार-सहा गुरुवारांनी मात्र मी नळी हलवता हलवता शेजारणीशी वांग्याच्या भावाबद्दल बोलायला लागले. गावच्या बायकांना त्या रंगांची भारी गंमत वाटे. बांगड्या भरायला बसल्यासारख्या त्या माझ्याभोवती बसत आणि कुणाला कुठला रंग आला ते एकमेकींना दाखवत. ‘तुजा हिरवा, माजा बग कसा लाल’ असं एकीनं अभिमानानं म्हटलं, तेव्हा वन्संनी कपाळावर हात मारून घेतला होता.

विटकरी रंग त्या गावात फार येत होता, आणि तिथूनच सगळं सुरू झालं. मधुमेह हा पेढीवर, गादीवर बसणाऱ्यांचा रोग, असं तेव्हा सरसकट मानलं जाई. खेड्यात तो कुठला? पण त्या भागात कारखाने येऊ लागले होते. काही घरांच्या जमिनी गेल्या, बैल विकले गेले, आणि जी माणसं दिवसभर चिखलात उभी असत ती फाटकापाशी स्टुलावर बसून पहारा करू लागली. घरात उखळात कांडलेल्या तांदळाच्या जागी गिरणीचा पांढरा तांदूळ आला. आला-गेला की साखरेचा चहा. पोटं सुटली. वन्संनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. ज्यांची साखर बिघडलेली, त्यांच्यातल्या पुष्कळांची नाडीही ठिकाणावर नव्हती. मनगट हातात घेऊन, वर कौलांकडे बघत त्या बराच वेळ थांबत, मग छातीला स्टेथोस्कोप लावून पुन्हा ऐकत. परतताना मला सांगत, ‘हृदय हा काही शरीराबाहेर टांगलेला घड्याळाचा लंबक नाही, कुसुम. पोटात जे जातं त्यावरच तेही चालतं. साखर वर्षानुवर्षं चढती राहिली तर त्याची चाल बिघडते, आणि एकदम उतरली तर घटकाभरात बिघडते.’

हे त्यांनी ठाण्यातल्या डॉक्टरांच्या एका बैठकीत मांडलं. मी मागे बसले होते. एक ज्येष्ठ डॉक्टर, माणूस सज्जन पण स्वतःच्या आवाजावर खूश, ते म्हणाले की खेडुतांची नाडी ताडीनं बिघडते, बाईसाहेबांनी साखरेचं खूळ सोडावं. सगळे हसले. मला इतका राग आला की पुढ्यातला चहा तसाच ठेवून मी उठले. वन्सं मात्र शांतपणे म्हणाल्या, ‘ताडी पूर्वीही होती. बैल विकल्यानंतर नाडी बिघडली. माझ्याकडे यंत्र नाही, सिद्ध करता येणार नाही. पण मला दिसतंय ते मी बघणारच.’ आणि बशीतली सगळी बिस्किटं संपवून त्या घरी आल्या. बाईला स्वतःबद्दल शंका अशी यायचीच नाही. पुढे आयुष्यभर मला त्याचा हेवाही वाटला आणि जाचही झाला.

पाटलांची बायको चांगुणाबाय ही त्या गावातली वन्संची पहिली सुईवरची रोगी. पन्नाशीची, उंच, मोठ्या हाडाची. गावदेवीची पूजा त्यांच्या घराकडे होती आणि नवरात्रात घटाशी तीच बसायची, सासूनं तिच्या हाती दिलेलं ते व्रत होतं. तिच्या पायाला झालेली जखम भरेना, तेव्हा नळीत विटकरी रंग निघाला. नाडी तर अशी की दोन पावलं नीट टाकावीत आणि तिसऱ्याला ठेच लागावी. वन्संनी इन्शुलिन सुरू केलं. सून बारकी हिला त्यांनी स्वतः टोचायला शिकवलं, काचेची सिरिंज पातेल्यात कशी उकळायची, बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत कशी ठेवायची, सगळं. जखम भरत आली. नाडीही जरा ताळ्यावर आली. चांगुणाबायचं मन बसलं, आणि तिचं बसलं म्हणजे गावाचं बसलं. पूर्वी ओटीवर दोन-चार जणी यायच्या, आता पायरीपर्यंत बसायला जागा नसे.

मग नवरात्र जवळ आलं. वन्संनी एका वाक्यात निकाल दिला. सुई घ्यायची असेल तर उपास बंद. सुई एकही दिवस चुकवायची नाही. चांगुणाबाय मान खाली घालून ‘बरा’ म्हणाली. वन्संना ते पुरेसं वाटलं. त्यांच्या लेखी हुकूम सुटला म्हणजे तो पाळला गेला.

त्या वर्षी अष्टमी गुरुवारी आली. आम्ही गावात पोहोचलो तर ओटीवर कुणीच नाही. देवळाकडून ढोल ऐकू येत होता, तो मध्येच थांबला. जाऊन पाहतो तर अंगणात सगळा गाव, आणि मधे चांगुणाबाय बसलेली. केस सुटलेले, अंग घामानं निथळणारं, सबंध शरीर थरथरतंय, डोळे कुठेच बघत नाहीत आणि तोंडातून येणारे शब्द कुणाला कळत नाहीत. तिच्या अंगात देवी आली होती. कपाळावर मळवट भरला होता आणि बायका ओटी घेऊन रांगेत उभ्या होत्या, कुणाला नवऱ्याचं विचारायचं होतं, कुणाला लेकीचं. एकटी बारकी खांबाला धरून रडत होती.

देवळात पाऊल न टाकणाऱ्या आमच्या वन्संनी चपला काढल्या आणि सरळ रांगेच्या पुढे जाऊन चांगुणाबायसमोर मांडी घातली. तिचं मनगट हातात घेतलं. गर्दीतून एकदम कुजबुज उठली. मी वन्संचा चेहरा पाहिला. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी होते, पण त्या घाबरलेल्या मी पहिल्यांदाच पाहत होते. पाटील पुढे आले. माणूस तसा मवाळ, पण त्या क्षणी आवाज चढला होता.

‘हात लावाचा नाय, बाय. देवी हाय ती.’

‘मग देवीला तहान लागलीय, पाटील. गुळाचं पाणी मागवा. घट्ट करा, आणि लवकर.’

‘आज अष्टमी. दिवा लागंपरत तिच्या तोंडात पान्याचा थेंब पन जात नाय.’

वन्संनी मनगट सोडलं नाही. त्या म्हणाल्या, ‘उपास चांगुणाबायचा आहे. देवीचा नाही.’

मला वाटलं, आता काय होईल ते होईल... इथून आपल्याला हाकलून दिलं तर पुन्हा या गावात सुई नाही, औषध नाही, आणि समोरची बाई तर तासभरही जगणार नाही. पाटलांनी बायकोकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं, आणि वळून सुनेला म्हणाले, ‘बारके, गूल आन.’

वन्संनी ते पाणी आधी देवीच्या मुखवट्यापुढे धरलं. कुणी शिकवलं होतं त्यांना, देव जाणे. मग पळीनं थोडं थोडं चांगुणाबायच्या ओठांशी लावलं, गिळतेय ना हे बघत, एका हातानं तिची हनुवटी धरून. बायका हात जोडून उभ्या होत्या आणि मी त्यांच्यात उभी राहून जे आठवेल ते स्तोत्र पुटपुटत होते. हळूहळू थरथर कमी झाली. घाम थांबला. थोड्या वेळानं चांगुणाबायनं पदर डोक्यावर ओढला, सभोवार पाहिलं आणि अगदी घरच्या आवाजात विचारलं, ‘काय जाला? सगल्या कशाला जमल्यात?’ कुणीतरी ढोल वाजवला. वन्सं मात्र तशाच बसून होत्या, मनगट धरून, नाडी वाटेवर येईपर्यंत.

दुपारनंतर ओटीवर आम्ही चौघीच होतो, चांगुणाबाय, बारकी, वन्सं आणि मी. हळूहळू उलगडा झाला. नऊ दिवसांचा उपास सुरूच होता. बाकीच्या दिवशी दुपारी रताळं नि वरीचा भात पोटात जात होता, त्यावर निभावलं. अष्टमीला मात्र काहीच नाही. आणि सुई? ती रोजच्या रोज, ठरल्या वेळी, पुरी. बारकीनं टोचायला नको म्हटलं होतं, पण सासूनं ऐकलं नाही. वन्संनी आवाज चढवायला तोंड उघडलं, त्याआधीच चांगुणाबाय बोलली.

‘तू बोललीस सुई चुकवाची नाय. नाय चुकवली. सासूला बोललेली, उपास मोरनार नाय. नाय मोरला. दोगींचा पन आयकला मी. आता तू सांग, माजा काय चुकला?’

वन्सं डॉक्टर झाल्यापासून त्यांना असा प्रश्न कुणी विचारला नसेल. एवढं ऐकणारा रोगी त्यांना कधी मिळाला नव्हता, आणि त्या ऐकण्यानंच ती मरायला टेकली होती. शेवटी म्हणाल्या, ‘तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. मी सांगत सुटले, तुला विचारलंच नाही.’ परतीच्या बैलगाडीत त्या मला म्हणाल्या, ‘उपास बंद म्हटल्यावर तिला खरं बोलायला मी जागाच ठेवली नव्हती.’ मी म्हटलं, मलाही तुम्ही तसंच करता. ‘तू खरं बोलतेसच, आणि वर भांडतेस,’ त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसले. धूळ गेली असेल म्हणून मीही विचारलं नाही.

त्या दिवसापासून नवा रोगी आला की वन्सं नाव-गाव विचारायच्या आधी उपास कुठले करता ते विचारू लागल्या. माझ्या स्वयंपाकघरात त्यांची परीक्षा सुरू झाली. साबुदाण्यानं साखर किती चढते, वरीनं किती, शेंगदाणे घातले तर काय, रताळ्याऐवजी दूध चालेल का. उपासाचे सगळे जिन्नस मी करायचे, त्या आधी स्वतः चाखायच्या, मग साखरेच्या रोग्यांना खायला घालून नळीत रंग बघायच्या. उपासाच्या दिवशी सुईची मात्रा किती कमी करायची ते त्या एकेकीला समजावून सांगत. नवरात्राच्या अष्टमीला मात्र काही झालं तरी स्वतः जात. वार कुठलाही असो. देवळाच्या पायरीवर बसून उपास करणाऱ्या प्रत्येक बाईचं मनगट हातात घेत, आणि ज्यांना गरज त्यांना भर दुपारी गुळाचं पाणी देत. निर्जळ व्रताचं काय, असं एका म्हातारीनं विचारलं तेव्हा उत्तर चांगुणाबायनंच दिलं. देवीनं एकदा माझ्या तोंडून मागून घेतलंय, आता ते दर साली द्यायलाच हवं. हे ती मनापासून बोलली की वन्संची अडचण ओळखून, ते मला कधीच कळलं नाही. वन्संनी तिला लंगडती नाडी ओळखायलाही शिकवलं. काही वर्षांनी गावाजवळ सरकारी दवाखाना झाला आणि आमचे गुरुवार थांबले. चांगुणाबाय नातू-पणतू बघून गेली. नाडी शेवटपर्यंत ठेचकाळायची म्हणे, पण चालत राहिली.

साखर आणि हृदयाचा ताल यांचा संबंध आता शाळकरी पोरंही सांगतील. परवा एका डॉक्टरनं टीव्हीवर तेच सांगितलं, जणू त्यालाच पहिल्यांदा सुचलं. वन्संना यात कधी कुणी मान दिला नाही आणि त्यांनीही मागितला नाही. मी एकदा विचारलं होतं की वाईट वाटतं का. त्यांनी चष्म्यावरून बघून म्हटलं होतं, ‘चांगुणाबाय जगली ना?’

यंदाचं नवरात्र त्या गेल्यानंतर काही आठवड्यांनी आलं. अष्टमीला मुलाला म्हटलं, मला शहाडला ने. गाव ओळखू येईना. शेतांच्या जागी इमारती आहेत, देवळाला फरशी आणि रंगीत दिवे आहेत, आणि पाटलांच्या घरासमोर दोन मोठाल्या गाड्या उभ्या आहेत. मी कुणाला ओळख दिली नाही, कडेला बसून राहिले. दुपारी साडी नेसलेली, हातात मोबाइल असलेली एक तरुण मुलगी पायरीवर येऊन बसली. उपास करणाऱ्या बायका तिच्यापुढे एकेक करून बसू लागल्या. मोबाइल बाजूला ठेवून ती प्रत्येकीचं मनगट धरत होती, वर बघत होती, आणि मग शेजारच्या कळशीतून गुळाचं पाणी देत होती. मी शेजारी बसलेल्या बाईला विचारलं, हे काय? ती म्हणाली, ‘देवीचा मान आहे, आजी. नाडी बघितल्याशिवाय पाणी नाय मिळत.’ कधीपासून? ‘पहिल्यापासून.’

तिथे मला रडू फुटलं. इतके दिवस साठलेलं सगळं, देवळाच्या फरशीवर, चारचौघांत. त्या मुलीनं हाक मारून मला पुढ्यात बसवलं. उपास आहे का, तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही गं, साखर आहे मला. मग पाणी राहू दे, म्हणाली, आणि माझं मनगट हातात घेतलं. मला तिला सगळं सांगायचं होतं, बैलगाडीपासून. तिनं बोटानं खूण करून मला गप्प केलं. बराच वेळ तिनं हात सोडला नाही. मग दुसरा हात घेतला.

‘आजी, मध्येच चुकतेय तुमची,’ ती म्हणाली. ‘घरी सांगा. डॉक्टरला दाखवा, उद्याच.’

गाडीत बसल्यावर मी मुलाला म्हटलं, उद्या मला हृदयाच्या डॉक्टरकडे ने. तो दचकला. काय होतंय, कुणी सांगितलं तुला, म्हणून विचारू लागला.

मी म्हटलं, वन्संनी.